बॅटरी बदलण्याआधी अर्थ बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीच्या पानावर मध्यंतरी हंगामाआधी ट्रॅक्टरची निगा कशी राखावी यावर अर्धं पान मजकूर आला होता. डिझेल फिल्टर, एअर क्लीनरमधलं ऑइल, टायरची हवा, सगळं नीट लिहिलं होतं. बॅटरीवर चार ओळी होत्या. पाणी तपासा, टर्मिनलला व्हॅसलीन लावा, आणि शेवटी असं की सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, वारंवार मंद फिरत असेल तर बॅटरी बदलावी. त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र लिहितोय. तासगावात रस्त्याकडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. मी बॅटऱ्या विकतोसुद्धा. म्हणजे ती ओळ माझ्या पोटावर पाय देणारी नाही, उलट पोट भरणारी आहे. तरी ती अर्धवट आहे, आणि तिच्यापायी लोकांचे सात-आठ हजार रुपये उगाच जातात हे मी रोज बघतो. दुकानात ‘बॅटरी गेली’ म्हणून जे जुने ट्रॅक्टर, टेम्पो, जनरेटर येतात त्यातल्या बऱ्याच जणांची बॅटरी ठणठणीत असते. गेलेला असतो तो अर्थ.

आम्ही वायरिंगवाले अर्थ म्हणतो, शेतकरी अर्थिंग म्हणतात, जुने मेस्त्री नुसतं ‘बॉडी’ म्हणतात. बॅटरीच्या मायनसपासून निघून ट्रॅक्टरच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली एक काळी केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी, एवढीच ती वस्तू. प्लसची जाड लाल केबल सेल्फपर्यंत जाते, तिच्याकडं सगळ्यांचं लक्ष. पण सेल्फमधून गेलेला करंट परत बॅटरीत आला तर सेल्फ फिरणार, आणि परतीच्या वाटेला वेगळी वायर नसते. इंजिनचा ब्लॉक, गिअरबॉक्स, चेसिस, हे लोखंडच वायरचं काम करतं. एवढ्या सगळ्या लोखंडातून आलेला करंट शेवटी त्या एका बोल्टाशी येऊन बॅटरीकडं वळतो. तिथं रंग, गंज किंवा चिखल-ऑइलचा थर बसला की वाट अडली.

‘अर्थ’ या शब्दानंही घोटाळा होतो. विसापूरकडचे एक आबा ट्रॅक्टर घेऊन आले तर चेसिसला लोखंडी साखळी बांधलेली, जमिनीवर घासत येणारी. कुणीतरी सांगितलं होतं की तुमचं अर्थिंग गेलंय. विहिरीच्या मोटारीला खड्डा काढून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करतात, मग ट्रॅक्टरलाही जमीन लागत असणार, असा आबांचा हिशोब. रात्री ट्रॅक्टर उभा केला की साखळीवर तांब्याभर पाणीही ओतायचे. हसू नये, कारण शब्दच तसा आहे. गाडीचा अर्थ म्हणजे जमीन नव्हे, गाडीचं स्वतःचं लोखंड. ट्रॅक्टर चार रबरी टायरांवर उभा असतो, जमिनीशी त्याचा काही संबंध नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय या पत्राला तोंड राहत नाही.

२००९ चा नोव्हेंबर. फयान वादळाचा पाऊस नुकताच झाला होता. द्राक्षवाल्यांना ते साल वेगळं सांगायला नको. बागा फुलोऱ्यात, पानं रात्रभर ओली, डाऊनी बुरशीचं औषध पहाटेच जायला हवं. साडेचारला फोन वाजला. ‘मेस्त्री, ट्रॅक्टर सुरू हुईना. नुसतं टक करतंय.’ आवाज ओळखला आणि पोटात गोळाच आला. चारच दिवसांपूर्वी त्या आण्णांच्या ट्रॅक्टरला मी नवी बॅटरी बसवली होती. त्याच्या महिनाभर आधी सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले होते. दोन्ही वेळा काम झाल्यावर ट्रॅक्टर सुरू झाला होता, आणि सुरू झाला म्हणजे दुखणं गेलं असं मी धरून चाललो होतो. दोन्ही वेळा टळटळीत दुपार होती आणि इंजिन गरम होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मोटारसायकलवर आणखी एक बॅटरी बांधून गेलो. मीटर लावला, १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. किल्ली फिरवली, टक. जंपरनं दुसरी बॅटरी जोडली, प्लसला प्लस, मायनसला मायनस. परत टक. दोन बॅटऱ्या मिळून एक टक. मग ढकलायचं ठरलं. मागचा औषध फवारायचा ब्लोअर सोडवला, सहा जण लागले. पण पाऊस प्यालेल्या काळ्या रानात ट्रॅक्टर गिअरात टाकला की चाक फिरत नाही, नांगर ओढल्यासारखं घसरत जातं. उतार जवळपास नव्हताच. शेवटी आण्णांनी आणि त्यांच्या दोन पोरांनी पाठीवरचे पंप उचलले. अडीच एकरांपैकी एक एकर कसंबसं झालं आणि दुपारी परत पाऊस आला. राहिलेल्या दीड एकरात आठवड्याभरात घडांवर पांढरी बुरशी दिसायला लागली. पुढचं लिहीत नाही.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते मिरजेचे उस्ताद तेव्हा थकले होते, दुकानात नुसते येऊन बसायचे. त्यांना हे सगळं सांगितलं. बॅटरी कुठली, सेल्फला काय केलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘पोरा, गरम काय झालं?’ मला उत्तर देता येईना. मी हातच लावून बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेलो. ऊन पडलं होतं, सेल्फ आता निदान कण्हत का होईना फिरत होता. उस्तादांनी एकाला इंजिन बंद करायची दोरी ओढून धरायला लावली, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन सुरू होणार नाही. मग पाच-पाच सेकंद तीनदा सेल्फ मारायला सांगितला आणि बॅटरीपासून एकेक जोड बोटांनी चाचपत निघाले. आजाऱ्याचं कपाळ बघावं तसं. प्लसचा क्लॅम्प गार. लाल केबल गार. सेल्फवरचा नट कोमट. मायनसचा क्लॅम्प गार. काळ्या केबलचं दुसरं टोक बॅटरीच्या पेटीखाली बोल्टला होतं. तिथं हात नेला आणि झटकन मागं घेतला. ‘हितं हाय बघ तुझी बॅटरी.’

बोल्ट खोलला. केबलच्या थिंबलखाली, म्हणजे टोकाच्या तांब्याच्या कडीखाली, लाल ऑइल पेंटचा गुळगुळीत थर होता. आण्णांनी दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवून घेतला होता. रंगाऱ्यानं पेटी सोडवून चारी बाजूंनी मनापासून रंगवली आणि रंगावरच थिंबल आवळून टाकली. रंगातून करंट जात नाही. जो काही जात होता तो बोल्टच्या आट्यांतून, आणि त्या आट्यांत हिरवट निळा चुरा भरला होता. उस्तादांनी कानशीनं रुपयाएवढी जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली, थिंबल दोन्ही बाजूंनी घासली, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर घालून आवळला. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. किल्ली फिरवली तर सेल्फ असा फिरला की आण्णा दोन पावलं मागं सरले.

मग त्यांनी विचारलं, ‘म्हंजी पयली बॅटरी चांगली हुती?’

मी काही बोललो नाही. ती बॅटरी मी सातशे रुपये वजा करून जुन्यात घेतली होती आणि ती भंगारवाल्याच्या गाडीत कधीच गेली होती. पुढं दोन वर्षं आण्णांकडून मजुरी घेतली नाही. बॅटरीचे पैसे मात्र परत केले नाहीत. तेवढी ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढी हिंमतही नव्हती.

मीटरनं १२.६ दाखवलं ते खोटं नव्हतं. मी त्याला चुकीच्या वेळी विचारलं. ठिबक असलेल्यांना हे चटकन कळेल. फिल्टरच्या आधी एक प्रेशर गेज असतो, नंतर एक. व्हॉल्व्ह बंद असेल तर फिल्टर कितीही तुंबलेला असो, दोन्ही काटे सारखंच दाखवतात. पाणी वाहायला लागलं की नंतरचा काटा खाली येतो, आणि दोन काट्यांतला फरक बघून आपण म्हणतो की फिल्टर धुवायला आला. विजेचं अगदी असंच आहे. करंट वाहत नसताना सडका जोडसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून सेल्फ मारत असतानाच मीटर बघायचा, आणि जोडाच्या अलीकडं-पलीकडं बघायचा.

कसा, ते सविस्तर लिहितो. तेवढं एक छापलंत तरी चालेल. आज साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवा, २० च्या घरात. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा दांडा) सुटलेला, बंदची दोरी ओढलेली. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर नव्हे, खुंटावरच. कारण पुष्कळदा दुखणं खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतं, आणि क्लॅम्पवर पिन धरली की ते झाकलं जातं. लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, सेल्फचा बोल्ट असेल तर उत्तम. आता दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ च्या आत आलं तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेलं तर बॅटरीच्या दुकानाकडं वळू नका, पाना घ्या. मी स्वतः १.८ आणि २.३ असे आकडे बघितलेत. मग लाल पिन एकेक जोड मागं आणत जा, चेसिसवर, थिंबलवर, केबलवर, क्लॅम्पवर. ज्या जागी आकडा एकदम पडेल, त्याच्या लगेच आधीचा जोड चोर. प्लसच्या बाजूलाही हीच रीत, प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड नटापर्यंत.

त्याच वेळी बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर काय राहतं तेही बघून घ्या. सेल्फ रडतोय आणि बॅटरी मात्र ११ च्या आसपास टिकून आहे, याचा अर्थ तिच्याकडून करंट नेलाच जात नाही. वाट अडलेली आहे. उलट बॅटरीच ८-९ पर्यंत कोसळली तर आधी चार्ज करून बघा, तरीही कोसळली तर तिचे दिवस भरले किंवा सेल्फ जॅम आहे. मग खुशाल माझ्याकडं या.

दोन व्होल्टनं एवढं काय होतं असं विचारतात. छोट्या डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. जोडाचा अडथळा एका ओहमचा फक्त शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ धरा. दोनशे गुणिले ०.०१, झाले दोन व्होल्ट. ओढाताणीत बॅटरीवर राहिलेल्या साडेदहातले दोन तिथंच गेले, सेल्फला उरले साडेआठ. आणि दोन व्होल्ट गुणिले दोनशे म्हणजे ४०० वॅट त्या एका बोल्टात उष्णता होऊन बसतात. उस्तादांचा हात पोळला तो यानं. आता हा ०.०१ ओहम साधा मीटर ओहमवर ठेवून दाखवतच नाही. बीप वाजवून बघणारे आणि बारीक बल्ब लावून बघणारे मेस्त्री इथंच फसतात. पन्नास तारांच्या केबलची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो आणि बल्ब लख्ख पेटतो. बल्बाला एखादाच अँपिअर लागतो, सेल्फला दोनशे.

मीटरच नसेल तर एक जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर घट्ट, रंगावर नव्हे. आता सेल्फ मारा. सुतासारखा फिरला तर निदान झालं. त्या नोव्हेंबरात मी जंपरचं काळं टोक आण्णांच्या मायनसच्या खुंटाऐवजी इंजिनवर लावलं असतं तर औषध वेळेत गेलं असतं. मी दुसरी बॅटरी त्याच तुंबलेल्या वाटेच्या तोंडाशी नेऊन उभी केली होती.

आमच्या भागात हे दुखणं जास्त का, याचंही कारण आहे आणि ते कुणी लिहीत नाही. टर्मिनलवर जो निळा-हिरवा चुरा येतो तो काय असतो? बॅटरीतलं ॲसिड तांब्याला लागून झालेला मोरचूद! तोच, जो चुन्यात कालवून आपण बोर्डो हे बुरशीचं औषध करतो. पांढरा चुरा असेल तर तो शिशाचा. आता हंगामभर ब्लोअर मागं लावून फिरणाऱ्या ट्रॅक्टरची स्थिती बघा. बोर्डो, गंधक, काय काय उडून वाऱ्यावर पुढं येतं आणि पट्टीच्या विणीत, बोल्टच्या आट्यांत जाऊन मुरतं. बोर्डोत चुना कमी पडला का हे बघायला जुने बागायतदार विळ्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. तो थर म्हणजे मोरचूदातलं तांबं लोखंडावर चढतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. विळ्याला दोन मिनिटांत जे होतं ते ट्रॅक्टरच्या अर्थाला सहा महिने होत राहतं. शिवाय तांब्याची थिंबल लोखंडावर आवळलेली आणि मधे ओल, एवढंसुद्धा लोखंड खायला पुरतं. सावळज-मणेराजुरीकडचे ट्रॅक्टर मी वरून बघून ओळखतो: बॉनेट पुसलेलं चकचकीत, आणि पेटीखालची पट्टी मोरपंखी.

अर्थ बिघडल्यावर सेल्फच रडेल असं नाही, आणि इथं भले भले चकतात. करंटला एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो, बांधावरनं पाणी फुटावं तसा. एका जुन्या पिकअपची ॲक्सिलरेटरची केबल दर महिन्याला जळायची. मालकानं चार केबली बदलल्या. पिकअपचं इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, म्हणून इंजिन ते चेसिस वेगळी पट्टी लागते. ती तुटून लोंबत होती, आणि सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलच्या स्प्रिंगमधून जात होता. सेल्फ मारला की केबिनमध्ये धूर. ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरची तऱ्हा वेगळी. ब्रेक दाबला की ट्रॉलीचे इंडिकेटर मिणमिणायचे, इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवे लुकलुकायचे. वायरिंग शॉर्ट आहे म्हणून कुणीतरी सगळं हार्नेस काढायला निघालं होतं. ट्रॉलीच्या दिव्यांचा अर्थ कुणी जोडलाच नव्हता, तो हुकाच्या गंजक्या पिनेतून जसा मिळेल तसा मिळत होता. ट्रॉलीची पिन खड्ड्यात हलते, ग्रीस असतं, तिच्यावर अर्थाचा भरवसा ठेवायचा नसतो. मागच्या दिव्यांना वेगळी वायर ओढावी. दोन ट्रॉल्या जोडून रात्रीचा कारखान्याला जाणारा ऊस आणि मागं दिवा नाही, याचे परिणाम आपल्याच पेपरात दर हंगामाला येतात. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकतो, हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो, अशी गाऱ्हाणी आली तरी मी आधी अर्थच बघतो.

जुनी यंत्रं हाताळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की फर्ग्युसनच्या काळातल्या इंग्लिश ट्रॅक्टरांत बॅटरीचं प्लस बॉडीला असायचं, मायनस नव्हे. हौसेनं जुना ट्रॅक्टर उभा करताना सवयीनं मायनस बॉडीला लावलं तर डायनामो आणि रेग्युलेटर यांचं जमत नाही. आमच्या वडिलांच्या वेळी विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं, हँडल मारून सुरू व्हायचं. त्याला बॅटरीच नाही, मग अर्थ कुठला. मनगट मात्र लागायचं.

दुरुस्ती अवघड नाही, पण अर्धी केली तर न केल्यासारखी. बॅटरी सोडवताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला लागला तर पाना वेल्डिंग होतो. माझ्या दुकानात असा एक पाना खिळ्याला टांगलाय. थिंबल, बोल्ट आणि लोखंड तिन्ही घासा. पॉलिश पेपरनं रंग निघत नाही, कानस किंवा ग्राइंडरची तारेची चकती घ्या. पण बॅटरीजवळ ग्राइंडर नको, चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. व्हॅसलीन जोड आवळून झाल्यावर वरून लावा, आवळण्याआधी थापून नव्हे. नवी केबल तांब्याचीच घ्या. हल्ली वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेल्या केबली स्वस्तात येतात. टोकाची तार चाकूनं खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर परत द्या. आणि माझी नेहमीची खोड: बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बोल्टापर्यंत थेट एक जादा केबल टाकतो, पेटी-चेसिसचा मधला भरवसाच नको. अडीच-तीनशे रुपयांचं काम. वेल्डिंग करताना वेल्डिंगचा अर्थ जिथं जोड द्यायचाय त्याच्या शेजारीच लावा आणि बॅटरी, अल्टरनेटर सोडवून ठेवा. ट्रॉलीवर अर्थ लावून ट्रॅक्टरवर वेल्डिंग करणाऱ्यांनी बेअरिंगं आणि अल्टरनेटरचे डायोड घालवलेले मी पाहिलेत.

आता माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल, नाव न घेता. बॅटरीच्या काउंटरवर गिऱ्हाईक येतं तेव्हा ते बॅटरी काढून, गाडीवर घालून आणतं. ट्रॅक्टर घरी राहतो. मग तपासायचं काय? समोर बॅटरी, बॅटरीच तपासली जाते. अर्थ खराब असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी बहुतेक वेळा अर्धपोटी असतेच, कारण चार्जिंगची परतीची वाटही तीच. अल्टरनेटर स्वतःजवळ १४.२ व्होल्ट देतोय, पण वाटेत पाऊण-एक व्होल्ट गळून बॅटरीपाशी सव्वातेरा-साडेतेराच पोचतं. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून तिच्या प्लेटा खरंच खराब होतात. म्हणजे दुकानदार ‘कमजोर आहे’ म्हणतो ते खोटं नसतं. नवी दिली जाते, ती सहा-आठ महिने नव्या दमावर खेचते, आणि दीड वर्षानं तेच गिऱ्हाईक परत. मग कंपनीला शिव्या. दर दीड-दोन वर्षांनी बॅटरी जात असेल तर त्या माणसानं बॅटरीचा ब्रँड नव्हे, पेटीखालचा बोल्ट बदलून बघावा. इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटापासून त्याच्या बॉडीपर्यंत एकदा आणि बॅटरीच्या दोन खुंटांवर एकदा मीटर लावला की हे दोन मिनिटांत उघडं पडतं.

माझी मागणी मोठी नाही. नवी बॅटरी विकणाऱ्यानं, मी धरून, ती ट्रॅक्टरवर चढवल्यावर गिऱ्हाइकासमोर अर्थाचा आकडा मोजावा आणि वॉरंटी कार्डाच्या कोपऱ्यात लिहून द्यावा. मी गेली बारा-तेरा वर्षं लिहितो. याचा तोटा होतो का, तर होतो. महिन्याला दोन-तीन बॅटऱ्या कमी खपतात. आण्णांच्या पोराच्या नव्या ट्रॅक्टरच्या कार्डावरही मीच लिहिलंय. तो कार्ड बघून म्हणाला, ‘हे काय, ताप मोजल्यागत?’ त्याला मागचं माहीत नाही. आण्णांना माहीत आहे. ते बाजूला उभे होते, तंबाखू मळत, काही बोलले नाहीत.

पत्र लांबलं, कापायचं तर साखळीचा किस्सा कापा, पण मीटरचा परिच्छेद तेवढा राहू द्या. आणि एक हात जोडून विनंती. छापताना ०.२ मधलं टिंब सांभाळा. ते पडून नुसतं २ छापलं गेलं, तर दोन व्होल्ट गळणारे सगळे ट्रॅक्टर चांगले ठरतील आणि तुमचा पेपर हातात घेऊन लोक माझ्याच दुकानात बॅटरी मागायला येतील.

आपला,
तासगावातला एक बॅटरीवाला